नावांची जागा

"ते घागरीचं गाणं तुमचंच ना?" असं कुणी विचारलं की मी नाही म्हणतो. लोकांना वाटतं हा विनय आहे. विनय वगैरे माझ्यात कधीच नव्हता, माझ्याबरोबर वाजवलेल्या कुठल्याही ढोलकीवाल्याला विचारा. गाणं खरोखरच माझं नव्हतं. ते माझ्या आत्याचं होतं, आणि तिला न विचारता मी ते घेतलं. पुढं काय झालं ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही. मुलाखत घेणारे येत, गिटार कधी शिकलात, आपली लोकगीतं आणि रॉक एकत्र आणायचं कसं सुचलं, असं विचारत. मी ठरलेली उत्तरं देई, ते ठरलेला चहा पिऊन जात.

मी तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील भिवपुरीच्या पावरहाउसमध्ये पाळीच्या ड्यूटीवर, राहायला दोन खोल्यांची क्वार्टर. एकट्या माणसानं पोर सांभाळायचं कसं, म्हणून त्यांनी मला खालापूरकडच्या आमच्या गावी बहिणीच्या ओटीत टाकलं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. होळीला आणि गणपतीला यायचा, चार दिवस ओटीवर बसून विड्या ओढायचा आणि परत जायचा. भाताची चार खाचरं, एक म्हैस आणि मी, एवढाच तिचा संसार.

पण आत्या साधीसुधी बाई नव्हती. ती धवलारीण होती. आमच्या भागाबाहेर हे फोड करून सांगावं लागतं. आमच्याकडे लग्न म्हणजे हळदीपासून नवरी घरात येईपर्यंत गाणं, आणि ती गाणी, म्हणजे धवले, कुणीही उठून म्हणायचे नसतात. त्याला बाई ठरलेली असते. भटजी असतो, नाही असं नाही. पण आमच्या म्हाताऱ्यांच्या हिशेबी भटजी मंत्र म्हणतो आणि लग्न लावते ती धवलारीण. तिनं गाण्यात नवरा-नवरीची नावं एकत्र घेतली की लागलं. पंचक्रोशीतली निम्मी लग्नं आत्यानं लावली होती, आणि भांडणं झाली की बायका "तूच लावलंस, तूच निस्तर" म्हणत तिच्याकडेच यायच्या.

घागरीचं गाणं त्यातलंच एक. नवरीच्या न्हाणाला दोन्ही गावच्या विहिरींचं पाणी एका घागरीत आणतात, तेव्हाचं.

दोन गावचं पानी गं, एका घागरीत आलं,
अमक्याचं नि तमकीचं नाव एक झालं.

अमका-तमकीच्या जागी मंडपात खरी नावं येतात. घरी तांदूळ निवडताना आत्या हे गाणं घोळवायची तेव्हा मात्र नावांच्या जागी गप्प राहायची आणि अंगठीचं बोट तांब्यावर वाजवायची. टक, टक. मग पुढची ओळ. मी एकदा विचारलं, इथं कुणाचंही एक नाव घालून का नाही म्हणत. म्हणाली, "नाव उगाच घ्यायाचं नाय रं. नाव घेतलं की लगीन लागलं."

मग मी, सातआठ वर्षांचा असेन, मुद्दाम तिला चिडवायला आमच्या म्हशीचं आणि शेजारच्या रेड्याचं नाव घालून अख्खं गाणं म्हटलं. वाटलं, आता पाठीत धपाटा. पण ती आणि अंगणात बसलेल्या बायका हसत सुटल्या. "गा बापड्या, गा," आत्या पदरानं डोळे पुसत म्हणाली. "बाप्याच्या तोंडून कुनाचं लगीन लागत नाय." हसण्याच्या भरात एकीच्या सुपातले तांदूळ सांडले आणि ते सगळे मला वेचायला लावले.

हायस्कूलसाठी वडिलांनी मला भिवपुरीला नेलं. शाळा कर्जतला. शाळेतून यावं तर वडील पाळीवर, नाहीतर पाळीहून येऊन झोपलेले. डोंगरावरून जाड नळांतून पाणी उतरायचं आणि खाली पावरहाउस सतत घुमत असायचं. पहिला आठवडा त्या आवाजानं मला झोप लागेना. दुसऱ्या आठवड्यात तो ऐकू येईनासा झाला आणि मग घर फारच शांत वाटायला लागलं. मी आत्याची गाणी स्वतःशी म्हणायचो. माणूस एकटा असला की गळा कसा आहे हे त्याला लवकर कळतं.

शेजारच्या क्वार्टरमध्ये वसईकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते, पावरहाउसच्या स्विचबोर्डवर. आम्ही सगळी पोरं त्यांना अंकल म्हणायचो. बायकोमुलं गावी, त्यामुळे तेही एकटेच. रविवारी दुपारी ते पायरीवर बसून गिटार वाजवायचे. पाचसहा रविवार मी नुसता कुंपणाशी उभा राहिलो. मग त्यांनी हात करून बोलावलं आणि तीन कॉर्ड शिकवले. त्यांच्याकडे सूर लावायला काही नव्हतं. ते कान देऊन पावरहाउसचं घुमणं ऐकायचे आणि जाड तार त्याला लावायचे. माझी सगळी गाणी त्याच पट्टीत आहेत. एका जाणकारानं त्यावर मोठा लेख लिहिला होता, माझ्या आवाजाचा पोत आणि काय काय. कारण पावरहाउस आहे हे त्यांना कळवायचं राहूनच गेलं.

अंकल निवृत्त होऊन गेले तेव्हा गिटार मला देऊन गेले. ती घेऊन मी गावी गेलो, तर आत्यानं आधी ती सगळीकडून निरखली. "तुनतुन्याचा थोरला भाऊ दिसतोय," म्हणाली. मी तिच्या गाण्याच्या मागं तीनच कॉर्ड धरले. ती गाता गाता थबकली, माझ्या बोटांकडे बघत राहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नावांच्या जागी तिनं तांब्या वाजवला, मी गिटारच्या लाकडावर दोन बोटं मारली. टक, टक. त्या सुट्टीत रोज दुपारी हेच. ती गाणं चालू असताना माझ्याकडे न बघता हसायची. माझ्या आयुष्यात पुढं बरेच कार्यक्रम झाले. त्या दुपारींइतकं चांगलं मी नंतर कधीच वाजवलं नाही, आणि हे मी उगाच हळवा होऊन म्हणत नाही.

पुढं वडिलांनी मलाही पावरहाउसमध्ये चिकटवलं. पण माझं लक्ष गाण्यात. कर्जतच्या चार पोरांना जमवून मी एक मंडळ काढलं. गिटार, ढोलकी, एक जुना ड्रम, आणि मी. आपली गावाकडची चाल घ्यायची, तिला इंग्रजी वाजवण्याचा जोर द्यायचा आणि शब्द आपले लिहायचे. पावरहाउसवर, लोकलच्या फाटकावर, पाळीवर गेलेल्या बापांवर मी गाणी केली. लोक म्हणायचे, आवाज बरा आहे, पण हे आहे तरी काय?

त्याच सुमाराला ती. क्वार्टर्सच्या तिसऱ्या ओळीत राहणाऱ्या फिटरची थोरली मुलगी, कर्जतच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. त्यांचं गावही खालापूरकडचंच. रातपाळी सुटली की मी सकाळी तिच्याबरोबर भिवपुरी स्टेशनपर्यंत चालत जायचो. ती माझ्या गाण्यांतल्या चुका काढायची, आणि त्या बरोबर असायच्या. घरच्यांना कळलं तेव्हा कुणी आडकाठी केली नाही. जात जुळत होती, गावं ओळखीची होती. दिवाळीनंतर साखरपुडा करायचं ठरलं. धवले आत्याच म्हणणार हे कुणी वेगळं बोलायचीही गरज नव्हती.

दिवाळीच्या दोनेक महिने आधी मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. छोटी रेकॉर्ड, दोन बाजूंना दोन गाणी. एक माझं ठरलेलं होतं. दुसरं वाजवलं ते तिथल्या साहेबांना पटेना. मग सहज म्हणून आम्ही घागरीचं वाजवलं, तर काचेपलीकडे ते उठून उभे राहिले. फक्त एक म्हणाले, "ती दोन ठिकाणी टकटक काय आहे? मोकळं मोकळं वाटतं. तिथं शब्द घाला."

मी नावं घातली. माझं आणि तिचं. दुसरी कुठली सुचलीच नाहीत, आणि खरं सांगायचं तर सुचावीत असं वाटलंही नाही. दोन्ही नावं चालीत अशी बसली की जणू गाणं त्यांच्यासाठीच केलं होतं. नाव उगाच घ्यायचं नसतं हे मला ठाऊक होतं. पण मी आता सव्वीस वर्षांचा, काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून उभा. म्हातारीच्या नियमाचं काय एवढं? तसंही दिवाळीनंतर लागणारच होतं की.

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "गीत कुणाचं लिहू?" पारंपरिक म्हणता आलं असतं. आत्याचं नाव सांगता आलं असतं. मी माझं सांगितलं.

दिवाळी झाली आणि रेकॉर्ड बाजारात आली. साखरपुड्याचा दिवस ठरायचा होता. लग्नसराई लागली होती आणि खालापूरजवळच्या एका गावात आत्याला धवल्यांना बोलावणं होतं. तिथं लाउडस्पीकर होता कर्जत बाजारातल्या चाचांचा. चाचांच्या घरच्यांचं मूळ खाडीपट्ट्यातलं, पण तीन पिढ्या कर्जतात. आमच्या भागातल्या हिंदू-मुसलमान सगळ्या लग्नांना कर्णा त्यांचाच. मी तिथं नव्हतो. चाचांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी कौतुकानं नवी रेकॉर्ड लावली. आत्या मंडपात तांब्या घेऊन बसली होती. तिनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. शेजारच्या पोराला रेकॉर्डवरचा कागद वाचायला सांगितला. मग तांब्या पदरात गुंडाळला आणि न जेवता घरी चालती झाली. लग्नाघरून न जेवता जाणं म्हणजे आमच्याकडे शेवटचा शब्द. त्याच्यापुढं कुणी काही विचारत नाही.

मी तिच्यासाठी साडी आणि रेकॉर्ड घेऊन गेलो. मला वाटलं, गाणं न विचारता घेतलं म्हणून थोडं बोलेल, मग निवळेल. ती चुलीपुढं बसली होती.

"नाव घेतलंस," ती म्हणाली. "तुजं नि तिचं."

"होय. पण आता लग्नात तू म्हणशीलच की."

"लागलेलं लगीन मी परत लावत नाय. दुसरेपनाला धवले म्हनत नायत. तुला म्हाईत हाय."

मी हसलो. ती हसली नाही. साडी तिनं कोनाड्यात ठेवली आणि मला भाकरी वाढली. मी असा मूर्ख की भाकरी वाढली म्हणजे राग गेला असं समजलो.

तिकडे कर्जतच्या शाळेत पोरं मधल्या सुट्टीत गाणं म्हणायला लागली. नाव आल्यावर बाईंकडे बघून. पानाच्या टपरीवर, स्टेशनावर, कुणाच्या ना कुणाच्या लग्नात कर्ण्यावर, सगळीकडे तिचं नाव माझ्या नावाला बांधून वाजत होतं, हळद नाही, मंडप नाही. तिची आई गावाकडची बाई. ती थेट आत्याकडे गेली आणि म्हणाली, काकू, तुम्ही सांगाल ते खरं धरू. आत्यानं मला सांगितलं तेच तिला सांगितलं. लागलंय, परत लावता येत नाही. मग दुसरी कुठली धवलारीणही यायला तयार होईना. आत्याचा शब्द त्या भागात कुणी ओलांडत नसे. फिटरभाऊ मला एवढंच म्हणाले, "पोरीचं नाव तू कर्ण्यावर चढवलंस." त्यांचा आवाज चढलाही नाही.

ती मला एकदाच भेटली, भिवपुरी स्टेशनच्या बाकावर. मी बरंच काही बोललो. आपण कोर्टात लग्न करू, मुंबईला जाऊ, हे सगळं चार दिवसांत लोक विसरतील. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "विचारायचं होतंस."

"कुणाला? आत्याला?"

"त्यांना. आणि मला."

गाडी आली आणि ती बसून गेली. महिन्याभरात फिटरभाऊंनी बदली मागून घेतली. फाल्गुनाच्या आत तिचं लग्न घाटावरच्या एका शाळामास्तराशी उरकलं. एका देवळात, मोजक्या माणसांत. धवले म्हणायला कुणी नव्हतं. घोडनवरीचं उरकतात तसं उरकलं, असं क्वार्टर्समधल्या बायका मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलल्या.

मी आत्याकडे जाऊन आरडाओरडा केला. बांधलंस तर सोडवही, म्हटलं. ती म्हैस धूत होती. "बांधायची गानी हायेत माझ्याकडं," म्हणाली. "सोडायची नाय."

गाणं मात्र चाललं. इतकं चाललं की मी पावरहाउसची नोकरी सोडली आणि कर्जतला लागून भिसेगावात एक खोली घेतली. कर्जत, खालापूर, नेरळ, लग्न तिथं ती रेकॉर्ड. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या, लग्न कुणाचं आणि नावं कुणाची. त्यावर चाचांनी तोड काढली. नावं आली की ते रेकॉर्डवरची सुई अलगद उचलायचे, तेवढ्यात बायकांनी त्या मांडवातली नावं ओरडायची, की सुई परत खाली. हात इतका बसला होता की ताल चुकायचा नाही. मी त्यांच्याकडे रेकॉर्ड परत मागायला गेलो. नेरळला गेलो, खोपोलीला गेलो, जो तो कर्णेवाला गाठला. चाचा म्हणाले, "ने रं बाबा, तुजीच हाय. पन उद्या मी मुंबईवरून दुसरी आनीन. तुज्या गान्याबिगर आता लोकांचं लगीन लागत नाय." जमवलेल्या पंधरावीस रेकॉर्ड माझ्या खाटेखाली पडून राहिल्या. खाली झाडू मारताना हाताला लागायच्या.

मी पुणं केलं, नाशिक, कोल्हापूर, कॉलेजांची गॅदरिंगं. सगळीकडे शेवटी घागरीचं. ते मी म्हणायचो, पण नावांच्या जागी गप्प राहून गिटारच्या लाकडावर दोन बोटं मारायचो. टक, टक. पोरंपोरी त्या जागेत आपापल्या मनातली नावं ओरडायची आणि हशा पिकायचा. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, हा कलावंत मौनाचा फार अर्थपूर्ण वापर करतो. मी ते कात्रण ठेवलं नाही. कार्यक्रम संपला की पोरं जोडीजोडीनं निघून जायची, मंडळातल्या वाजवणाऱ्यांनाही घरं होती. मी लॉजवर येऊन गार झालेली पोळीभाजी खायचो. खोलीत शिरल्यावर आधी पंखा लावायचो. तो घुमला की बरं वाटायचं.

लग्न का नाही केलं? स्थळं आली होती. माझं नाव निघालं की मुलीकडचे मागं फिरतात, असं मी सांगायचो, पण ती माझ्या आडमुठेपणाची सबब होती. आत्या धवले म्हणणार नसेल तर मला लग्नच करायचं नाही, असं मी एकदा रागाच्या भरात बोललो आणि मग त्यालाच चिकटून राहिलो. पहिली काही वर्षं तो राग होता. पुढं ती सवय झाली.

आत्यालाही हळूहळू कुणी बोलवेनासं झालं. काही जण रेकॉर्डवर भागवायचे, काहींना तिनंच नकार दिला. मी वर्षातून दोनदा जायचो, तिच्या नवऱ्यासारखाच, होळीला आणि गणपतीला. तो वारला तेव्हा तेराव्यापर्यंत राहिलो. ती जेवूखाऊ घालायची, कपडे उसवले असतील तर टाका घालायची, खोकला कसा आहे विचारायची. गाणं सोडून सगळं. गिटार मी खालापूरच्या चहावाल्याकडे ठेवून पुढं जायचो. आत्याचा तो तांब्या तुळशीला पाणी घालायला लागला होता. तिनं पुन्हा एकदा माझ्यासमोर तोंड उघडावं, नुसतं गुणगुणावं, एवढीच मला आस होती. लोकांच्या टाळ्यांनी ती जागा भरत नव्हती. मी तेव्हा हे कुणाला बोललो असतो तर हसले असते.

अशी चौदापंधरा वर्षं गेली. कॅसेट आल्या, माझी रेकॉर्ड मागं पडली, माझं बोलावणंही कमी झालं. मग एका माघात शेजारणीचा निरोप आला, म्हातारीला उठवत नाही. मी खोलीला कुलूप लावून गेलो. या वेळी गिटार चहावाल्याकडे ठेवायची विसरलो आणि ती घेऊनच घरात शिरलो. आत्या पडवीत बाजेवर होती. गिटारकडे बघितलं आणि खोकला कसा आहे विचारलं.

आठवडाभर मी रांधलं, तिला उठवलं-बसवलं, म्हैस आता नव्हती ते बरं. एका दुपारी मी वाल सोलत बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "एक सांगायाचं रायलंय."

"बोल."

"बाप्याच्या तोंडून लगीन लागत नाय. तू ल्हान व्हतास तवा सांगितलंवतं."

मला आधी कळेचना. मग ती म्हैस, तो रेडा, सांडलेले तांदूळ, सगळं एकदम आठवलं आणि हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे माझं नि तिचं..."

"लागलंच नव्हतं. तुजं ते नुसतं गानं. तिची आई आली तवा माज्या ध्यानात व्हतं. एक शबुद बोलले असते तर मिटलं असतं."

"मग का नाही बोललीस?"

"माजं गानं नेलंस. कागदावर तुजं नाव, त्या पोरानं वाचून दाकवलं. मला राग आला रं. म्हटलं, चार म्हयने तडफडू दे याला, मग सांगीन. तवर तिचं उरकलं. मग कुठल्या तोंडानं सांगू?"

मी उठलो आणि बाहेर पडलो. पाताळगंगेपर्यंत चालत गेलो आणि एका खडकावर बसलो. राग आला का? आला. असा आला की परत जाऊन तिला गदागदा हलवावंसं वाटलं, बाजेवरच्या म्हातारीला. माझं घर, माझी पोरं, त्या मास्तरणीनं काढलेल्या गाण्यातल्या चुका, हे सगळं एका शब्दावर अडलं होतं आणि तो शब्द हिच्या तोंडात होता. मी नदीत दगड मारत बसलो. पण दगड मारून मारून हात दुखला तरी ते साहेब काही डोळ्यांपुढून जाईनात. गीत कुणाचं लिहू? त्या वेळी मीही एकच शब्द गिळला होता. बाकावर ती म्हणाली होती, विचारायचं होतंस. तेव्हा मला ते भांडण वाटलं होतं. ते साधं खरं होतं.

ऊन उतरल्यावर मी परत आलो. आत्या बाजेवर उठून बसली होती, पाठीला गाठोडं लावून. शेजारणीकडून तिनं तांब्या चिंचेनं घासून घेतला होता. मांडीवर घेऊन बसली होती.

"तुज्या तुनतुन्याला आन," ती म्हणाली. "त्या मास्तरनीच्या लगनात कुनी गायलं नाय. ते माज्याकडनं रायलंय. नवऱ्याचं नाव मी घाटावर जानाऱ्या कासारनीकडनं कवाच इचारून ठेवलंय."

मी उठलो. गिटार काढली. इथं पावरहाउस ऐकू येत नव्हतं, पण ती तार मला आता कुठंही लावता येते. मी तेच तीन कॉर्ड धरले. आत्यानं सुरुवात केली. आवाज गेला होता, वरचा सूर मध्येच तुटत होता, पण चाल जागेवर होती. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि या वेळी हसतही नव्हती. दोन गावचं पानी गं, एका घागरीत आलं. सवयीनं माझी दोन बोटं लाकडावर जायला निघाली. मी ती धरून ठेवली.

आत्यानं नावं घेतली. आधी त्या घाटावरच्या मास्तराचं, जे मी आजवर कधी ऐकलंही नव्हतं, आणि मग तिचं. दोन्ही नावं चालीत नीट बसली. मी वाजवत राहिलो, कुठंही चुकलो नाही. कडवं संपेपर्यंत मी खाली बघत होतो आणि गिटारवर पाणी पडत होतं ते मला आत्यानं पदर पुढं केला तेव्हा कळलं.

"लागलं तिचं," आत्या म्हणाली. "चल, आता जेवून घे. लगनाघरून उपाशी जायाचं नसतं."

भात सकाळी मीच रांधलेला होता. वालाचं कालवण शेजारणीनं आणून ठेवलं होतं. मी दोघांना वाढलं आणि जेवलो.